मित्र येतायत युरोपला, प्लॅन कसा करू? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मार्च उजाडला की युरोपात राहणाऱ्या वाचकांची पत्रं एकाच विषयावर यायला लागतात, भारतातून मित्रमैत्रिणी येणार आहेत आणि त्यांना फिरवायचंय. या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. पत्रं थोडी आटोपशीर केलीयेत, नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न: ताई नमस्कार. मी म्युनिकला नोकरी करतो. मे महिन्यात माझे कॉलेजचे दोन मित्र आपापल्या बायकांना घेऊन १४ दिवसांसाठी येतायत. त्यांनी व्हॉट्सॲपवर यादी पाठवलीय: पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस, रोम, स्वित्झर्लंड आणि जमलं तर लंडन. माझ्याकडे सुट्टी पाच दिवसांची. खूप वर्षांनी भेटणार आहोत त्यामुळे नाही म्हणवत नाही, पण हे बसवायचं कसं? (एक वाचक, म्युनिक)

उत्तर: पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला सगळंच बघावंसं वाटणार, त्यात वावगं काही नाही. पण ही यादी टूर कंपनीच्या माहितीपत्रकातली आहे हो. टूर कंपनीकडे जे नसतं ते तुमच्या मित्रांकडे आहे, म्हणजे तिथे राहणारा, भाषा थोडीफार समजणारा, कुठली ट्रेन पकडायची आणि रविवारी काय बंद असतं हे माहीत असलेला आपला माणूस. तो फायदा वापरायचा की तुम्हीच बिनपगारी टूर मॅनेजर व्हायचं हे आत्ताच ठरवा. तिकिटं निघाल्यावर ते ठरवता येत नाही.

नुसते तास मोजून बघा. म्युनिकहून व्हिएन्ना रेल्वेने साधारण ४ तास, प्राग साडेपाच-सहा, पॅरिस ६, व्हेनिस साडेसहा-सात, आणि रोम म्हणजे रात्रभराचा प्रवास. त्यात सकाळी बॅगा भरणं, हॉटेल सोडणं, स्टेशनवर वेळेआधी पोचणं, नवीन गावात हॉटेल शोधणं, चेक-इन तीन वाजता म्हणून बॅगा कुठेतरी ठेवणं हे सगळं धरलं तर एक गाव बदललं की अख्खा दिवस गेला असंच समजायचं. आठ-नऊ ठिकाणं म्हणजे निम्म्याहून जास्त ट्रिप बॅगा ओढण्यात जाणार. आणि लंडन तर यादीतून आजच काढा, कारण ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही, त्याचा व्हिसा वेगळा, फी वेगळी, आणि मध्येच लंडनला जाऊन परत यायचं तर शेंगेन व्हिसाही एकापेक्षा जास्त एन्ट्रीचा लागतो.

मी सांगते तसं करून बघा. तीनच मुक्काम धरा: तुमचं घर ५ रात्री, स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न ४ रात्री, पॅरिस ४ रात्री. विमानाचं तिकीट मल्टी-सिटी काढायला सांगा, येताना म्युनिक आणि जाताना पॅरिस, म्हणजे परत मागे यायचा दिवस वाचतो आणि बरेचदा किमतीतही फार फरक नसतो. सगळ्यात जास्त रात्री जर्मनीत असल्याने व्हिसाचा अर्ज जर्मनीकडे जाईल आणि तुमच्या घराचा पत्ता, तुमचं पत्र त्यात उपयोगी पडेल.

आता तुमच्या सुट्टीचं. मे महिन्यात कॅलेंडर तुमच्या बाजूने असतं. हिमेलफार्टची, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी नेहमी गुरुवारी येते, ईस्टरनंतर ३९ व्या दिवशी, त्याला शुक्रवारची एक रजा जोडली की चार दिवस मिळाले. त्यानंतर ११ दिवसांनी फिंग्स्टन या ख्रिस्ती सणाचा सोमवार, तीही सुट्टी. मित्रांच्या तारखा अजून नक्की नसतील तर त्या या दोन सुट्ट्यांच्या आजूबाजूला सरकवा. मात्र याच दिवशी अर्धी जर्मनी बाहेर पडते आणि हिमेलफार्टला स्वित्झर्लंड-फ्रान्समध्येही सुट्टी असते, म्हणून ट्रेन आणि हॉटेल तारखा ठरल्या त्याच आठवड्यात बुक करा, नंतर बघू म्हणालात तर सीट रिझर्वेशनसुद्धा मिळणार नाही.

म्युनिकच्या पाच दिवसांत त्यांना शहर किती दाखवायचं ते तुम्हीच ठरवा, माझं मत विचाराल तर एक दिवस पुरे. बाकीचे दिवस आजूबाजूला घालवा आणि तेही रोज तुम्ही बरोबर नसताना, कारण चार जण आहेत, शिकलेले आहेत, पहिल्या दिवशी स्टेशनवर नेऊन मशीनवर बायर्न (बव्हेरिया राज्याचं) तिकीट कसं काढायचं ते दाखवलं की झालं. एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर लोकल आणि रिजनल गाड्यांनी बायर्नभर फिरता येतं, सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतर, शनिवार-रविवारी रात्री बारापासूनच. वर साल्झबर्गपर्यंतही चालतं, म्हणजे त्याच तिकिटात ऑस्ट्रियासुद्धा झाला, साधारण दोन तासांत पोचतात. तुमच्याकडे डॉइचलँड तिकीट, म्हणजे देशभरच्या लोकल-रिजनल गाड्यांचा महिन्याचा पास असेल तर तेही साल्झबर्ग स्टेशनपर्यंत चालतं. फक्त दोन्ही तिकिटं आयसीई, आयसीसारख्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाहीत, हे मित्रांना दोनदा सांगा, कारण प्लॅटफॉर्मवर समोर छान पांढरी गाडी उभी दिसली की माणूस चढतोच.

नॉयश्वानस्टाइनचा किल्ला त्यांच्या यादीत नसला तरी फोटो बघितला की म्हणतील हा पाहिजेच. फ्युसेनपर्यंत ट्रेन, मग बस, मग वर अर्धा-पाऊण तास चढण. आतून फक्त गाइडेड टूरनेच बघता येतो, वेळ ठरलेली असते आणि आत फोटो काढू देत नाहीत, म्हणून तिकीट ऑनलाइन आधीच काढायचं. लुडविग दुसरा या राजाने १८६९ मध्ये बांधायला घेतला, १८८६ मध्ये तो गेला तेव्हाही काम अपुरंच होतं आणि त्यानंतर काही आठवड्यांतच लोकांसाठी उघडला. ही गोष्ट त्यांना आदल्या रात्री जेवताना सांगितलीत तर गर्दीत उभं राहायचा कंटाळा येणार नाही. पण मला विचाराल तर किल्ल्यापेक्षा ब्रेख्टेसगाडेनजवळचं क्योनिगझे तळं त्यांच्या जास्त लक्षात राहील. तिथे १९०९ पासून विजेवर चालणाऱ्या बोटी आहेत, धुराचा वास नाही, इंजिनाचा आवाज नाही, आणि मधेच बोट थांबवून नावाडी ट्रम्पेट वाजवतो, समोरच्या कड्यावरून ते सूर परत येतात. पॅकेज टूरवाले तिकडे फारसे फिरकत नाहीत.

ल्युसर्नला तुम्ही त्या हिमेलफार्टच्या लाँग वीकेंडला बरोबर जा. म्युनिकहून झुरिच साडेतीन-चार तास आणि पुढे तासाभरात ल्युसर्न. एका गावात चार रात्री राहून तिटलिस, पिलाटुस, रिगी हे डोंगर करता येतात, तळ्यातल्या बोटी आहेत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सकाळी खिडकीतून आभाळ बघून ठरवता येतं की आज वर जायचं का. डोंगरावर ढग असले तर एवढं महागाचं तिकीट काढून फक्त पांढरी भिंत दिसते. टूरच्या बसला हे करता येत नाही, तुम्हाला येतं. पिलाटुसची दातेरी चाकांची रेल्वे १८८९ ची आहे, चढ ४८ टक्के, जगात यापेक्षा उभी दातेरी रेल्वे नाही, पण ती हिवाळ्यात बंद असते, म्हणून सुरू व्हायची तारीख बघून घ्या. तिटलिसवर ३००० मीटरच्या वर मे महिन्यातही बर्फ असतो, तेवढी त्यांची हौस तिथे भागते. स्विस ट्रॅव्हल पास स्वित्झर्लंडबाहेर राहणाऱ्या कुणालाही मिळतो, म्हणजे तुम्हालाही. त्यात रिगी पूर्ण धरलेलं आहे, पिलाटुस-तिटलिसला निम्मी सवलत. पण चारही दिवस भरपूर फिरणार असाल तरच तो पास परवडतो, नाहीतर नुसतं हाफ फेअर कार्ड घ्या.

पॅरिसला त्यांना चौघांनाच पाठवा. ल्युसर्नहून बाझल एक तास, तिथून पॅरिस तीन तास. तोपर्यंत ते युरोपच्या गाड्यांना सरावलेले असतात आणि जोडप्याजोडप्याने पॅरिस बघायला मोकळे असतात. तुम्ही तोवर कामावर हजर. मित्रांना वाईट वाटेल ही भीती मनातून काढून टाका, उलट स्वतःच्या हिमतीवर एक शहर फिरल्याचा आनंद त्यांनाही पाहिजेच की.

एक राहिलं. तुमच्या पत्रात तुमच्या बायकोचा कुठेच उल्लेख नाही. घरात पाच रात्री चार माणसं जास्तीची असणार आहेत, लग्न झालं असेल, घरात कुणी दुसरं राहत असेल तर हा सगळा प्लॅन आधी तिच्यासमोर ठेवा, मग मित्रांना पाठवा.

प्रश्न: आम्ही आइंडहोव्हनला राहतो. माझी मैत्रीण, तिचा नवरा आणि ७ वर्षांची मुलगी आमच्याकडे १० दिवस राहून मग बेल्जियम, फ्रान्स करणार आहेत. व्हिसासाठी आमच्याकडून काय लागेल? इन्शुरन्स, फी वगैरे नक्की काय आहे? प्रत्येक जण वेगळं सांगतो. (एक वाचक)

उत्तर: प्रत्येक जण वेगळं सांगतो कारण प्रत्येक देशाचा यजमानाचा कागद वेगळा आहे, बाकी नियम मात्र एकच. नेदरलँड्समध्ये तुम्हाला राहण्याची सोय आणि आर्थिक हमी यासाठीचा फॉर्म भरायचा असतो आणि गेमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत जाऊन त्यावर स्वतःच्या सहीची खात्री करून घ्यायची असते. फक्त घरी ठेवणार असाल तर राहण्याचा भाग भरा, त्यांचा खर्चही तुम्ही करणार असाल तरच हमीचा भाग भरा आणि मग पगाराच्या स्लिपा वगैरे जोडा. मैत्रीण आणि तिचा नवरा दोघं कमावते असतील तर उगाच हमी घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, त्यांचे बँक स्टेटमेंट आणि आयटी रिटर्न पुरेसे असतात. हाच कागद फ्रान्समध्ये मेरीतून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेतून घ्यावा लागतो आणि जर्मनीत खर्चाची हमी परदेशी नागरिकांच्या ऑफिसातून, म्हणून फ्रान्समधल्या ओळखीच्यांनी सांगितलेलं तुम्हाला जसंच्या तसं लागू होणार नाही.

फी मोठ्यांना ९० युरो, ६ वर्षं पूर्ण पण १२ च्या आतल्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही. जून २०२४ पासून हे दर आहेत, व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि राहण्याचे सगळे दिवस धरणारा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं हेच खरं अवघड काम असतं, त्यामुळे सहा महिन्यांची खिडकी उघडली की लगेच तारीख घ्या. जिथे सगळ्यात जास्त दिवस त्या देशाकडे अर्ज, दिवस सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्या देशाकडे. तुमच्याकडे १० दिवस आहेत म्हणजे नेदरलँड्स.

मैत्रीण आधी दोनदा शेंगेन व्हिसावर येऊन वेळेत परत गेली असेल आणि दोन्ही व्हिसे गेल्या तीन वर्षांतले असतील तर तिला सांगा की एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांना अशा वेळी दोन वर्षांचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा मिळू शकतो, त्यानंतर पाच वर्षांचा. अर्जात तसं मागायला विसरू नका.

आणि विमान बदलायचं असेल तर पहिल्या शेंगेन विमानतळावर इमिग्रेशन होतं, शेवटच्या नाही. ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी नवीन डिजिटल नोंदणी सुरू झालीय, पहिल्या वेळी त्यात वेळ जातो. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला एक तासाचं कनेक्शन असलेलं तिकीट स्वस्त दिसलं तरी लहान मुलीला घेऊन तो धोका पत्करू नका.

प्रश्न: ब्रसेल्समध्ये राहते. येणाऱ्या मैत्रिणींपैकी एक शाकाहारी, अंडंही नाही, आणि दुसरी जैन. आम्ही पाच दिवस बेल्जियम आणि सहा दिवस इटली करणार. सगळे म्हणतात इटलीत पिझ्झा-पास्ता आहे, काळजी नको. खरंच नको का? (एक वाचक)

उत्तर: काळजी नको पण माहिती पाहिजे, कारण युरोपात शाकाहारी म्हणजे मांसाचा तुकडा दिसत नाही एवढाच अर्थ बऱ्याच ठिकाणी घेतला जातो आणि देणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. तुमच्या मैत्रिणींनी आयुष्यभर पाळलेली गोष्ट आहे, ती सुट्टीतही पाळायचा त्यांना पूर्ण हक्क आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ब्रसेल्सपासून सुरू करू. तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचं फ्रीत, म्हणजे बेल्जियमचे ते प्रसिद्ध बटाट्याचे तळलेले काप, ते परंपरेने बीफच्या चरबीत तळतात. आजकाल वनस्पती तेल वापरणारे पण आहेत, पण विचारल्याशिवाय घेऊ नका. हे बहुतेक भारतीय पाहुण्यांना कुणी सांगतच नाही. वॉफल छान, पण पिठात अंडं असतं. चॉकलेट बघून घ्या, आतल्या सारणात अंडं किंवा अल्कोहोल असू शकतं, मार्शमेलो आणि गमीमध्ये जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात.

इटलीत पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनेच (दूध घट्ट करणाऱ्या रसाने) करतात, तो त्याच्या ठरलेल्या पद्धतीचाच भाग आहे, त्यामुळे पारंपरिक पेस्तो सॉसमध्येही ते येतं. काही शाकाहारी लोकांना चीजबद्दल हरकत नसते, काहींना असते, हे मैत्रिणीला आधी मोकळेपणी विचारा, तिथे टेबलावर बसल्यावर नको. ताजा पास्ता बहुधा अंड्याचा असतो, सुका पास्ता बहुधा फक्त गहू आणि पाणी. तिरामिसूत कच्चं अंडं असतं. मिनेस्त्रोने सूप बघायला भाज्यांचं, पण कधीकधी मांसाच्या पाण्यात शिजवलेलं, रिझोतो या भाताचंही तेच. फोकाचा, पियादिना या ब्रेडमध्ये डुकराची चरबी असू शकते, तिला तिथे स्त्रुत्तो म्हणतात, हा शब्द दोघींना पाठ करायला लावा. इटलीच्या लिगुरिया भागात फरिनाता म्हणून चण्याच्या पिठाचा जाड पोळा मिळतो, पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ बस, तो दोघींनाही चालेल आणि आवडेलही. पिझ्झा मरिनारात चीज नसतं पण लसूण असतो, जैन मैत्रिणीसाठी लसूण नको सांगावं लागेल, आणि टोमॅटो सॉसमध्ये कांदा आहे का तेही. आइस्क्रीमच्या दुकानात फळांचा सोर्बेतो मागा.

जैन मैत्रिणीसाठी मात्र रोज हॉटेलात हे सगळं समजावत बसणं त्रासाचं होतं, तिला स्वतःलाच अवघडल्यासारखं होतं, सगळे आपल्यामुळे थांबलेत असं वाटत राहतं. तिचा विचार करून निदान इटलीतले मुक्काम स्वयंपाकघर असलेल्या अपार्टमेंटमध्ये घ्या. सकाळी पोटभर खाऊन निघायचं, रात्री घरी खिचडी, दुपारी फळं, दही, सुका मेवा, इटलीच्या बाजारात टोमॅटो, भोपळी मिरची, झुकिनी मे-जूनपासून काय सुंदर मिळतात. पॅकेटवरच्या घटकांत दूध, अंडं, मासे यांची नावं युरोपात कायद्याने ठळक छापावी लागतात, तेवढं वाचता आलं तरी निम्मं काम होतं, जिलेटिन मात्र ठळक नसतं, ते शोधावं लागतं.

आणि त्यांना आत्ताच फोन करून सांगा की बॅगेत काय आणायचं नाही. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ वैयक्तिक वापरासाठीही आणता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, तूप, पनीर सगळं बाद. ताजी फळं-भाज्यापण सर्टिफिकेटशिवाय नाहीत, केळी, नारळ, अननस, खजूर असे मोजके अपवाद सोडले तर, त्यामुळे आंबे आणि कढीपत्ता आणू नका म्हणावं, कितीही मनात असलं तरी. चकली, शेव, खाकरा, मसाले, डाळी, मेतकूट, भाजणी, हे खुशाल आणा. प्रेमाने आणलेला हापूसचा डबा कस्टममध्ये फेकून द्यावा लागतो तेव्हा आणणाऱ्यालाही रडू येतं.

प्रश्न: विषय नाजूक आहे. मागच्या वर्षी मित्र आले होते, प्रत्येक ठिकाणी युरोचे रुपये करून बघायचे आणि मग "तुम्ही जा, आम्ही बाहेर थांबतो" म्हणायचे. मला ओशाळवाणं व्हायचं, मग मीच तिकिटं काढायचो. या वर्षी दुसरे मित्र येतायत. पैशांचं आधी बोललं तर कंजूस वाटेल का? (एक वाचक, स्टुटगार्ट)

उत्तर: नाही वाटणार. न बोलल्याने जास्त वाईट वाटतं, दोन्हीकडे. रुपयांत हिशेब करणाऱ्याला दोष देऊ नका, त्याचा पगार रुपयांत आहे, त्याला एका कॉफीच्या किमतीत घरचं काय येतं ते दिसतं, तो तसाच विचार करणार. तुमचं काम एवढंच की तो आकडा त्याला तिथे तिकीट खिडकीवर पहिल्यांदा दिसू नये. प्लॅन पाठवताना प्रत्येक मोठ्या गोष्टीसमोर माणशी किती ते लिहा, कुठल्या गोष्टी फुकट आहेत तेही लिहा, आणि ज्याला जे नको ते आधीच काढता येईल असं ठेवा. मग येऊन कुणी बाहेर थांबत नाही.

घरचं राहणं, खाणं, एखादं बाहेरचं जेवण तुमच्याकडून, प्रवास आणि तिकिटं ज्याची त्याने, असं सरळ फोनवर बोलून टाका, मेसेजवर नको, मेसेजमध्ये आवाज नसतो. एकत्र खर्चासाठी पहिल्या दिवशी सगळ्यांनी सारखे युरो काढून एका पाकिटात ठेवायचे आणि बस, पाणी, टॉयलेट, भाजी सगळं त्यातून, हे मला ॲपपेक्षा बरं वाटतं कारण कोण कुणाचं देणं लागतो हा प्रश्नच उरत नाही.

फुकटातलं काही कमी चांगलं नसतं हेही त्यांना दाखवा. बर्लिनला राइशटागचा काचेचा घुमट फुकट आहे, फक्त आधी नावनिशी नोंदणी करावी लागते. पॅरिसचं नोत्र-दाम डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं, आत जायला पैसे नाहीत. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून सगळी बस, ट्राम आणि सेकंड क्लास ट्रेन फुकट आहे. स्वित्झर्लंडमधून इटलीत उतरणारी बर्निना एक्सप्रेस महाग वाटते ना, तर त्याच रुळांवरून, तोच २२५३ मीटरचा घाट, तोच ब्रुसिओचा गोल पूल अशा साध्या लाल गाड्या दिवसभर धावतात, त्यात रिझर्वेशन लागत नाही आणि काही डब्यांच्या खिडक्या उघडतात, फोटोला काच आड येत नाही. असं काहीतरी तिथे राहणाऱ्यालाच माहीत असतं, आणि मित्रांना नेमकं तेच द्यायचं.

कार्ड वापरताना मशीन विचारेल रुपयांत की युरोत, नेहमी युरोत म्हणा, रुपयांत म्हटलं की दर त्या मशीनवाल्याचा लागतो. प्राग, बुडापेस्टला तिथलं चलन निवडा. पाण्याच्या बाटल्या विकत घेणं थांबवा, नळाचं पाणी पितात हे त्यांना पटायला दोन दिवस लागतात पण पटतं. आणि जर्मनीत घेतलीच बाटली तर ती फेकू देऊ नका, २५ सेंट परत मिळतात.

प्रश्न: सहा जण आहोत, सात सीटर भाड्याने घेऊन ऑस्ट्रिया-इटली करायचं म्हणतोय. मी जर्मनीत दोन वर्षं आहे, भारतातलं लायसन्स आहे. गाडी चालवू ना? (एक वाचक, न्यूर्नबर्ग)

उत्तर: तुम्ही नाही. जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिन्यांनंतर भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येत नाही, जर्मन लायसन्स काढावं लागतं. गंमत अशी की तुमचा पाहुणा म्हणून आलेला मित्र भारतीय लायसन्स आणि आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घेऊन चालवू शकतो, पण तो उजव्या बाजूने पहिल्यांदा चालवणार, तेही डोंगरात, तेही पाच माणसांना घेऊन. एक दिवस सपाट रस्त्यावर सराव केल्याशिवाय ब्रेनरच्या घाटात शिरू नका. ऑस्ट्रियाच्या हायवेला विन्येट, म्हणजे टोलचं स्टिकर लागतं, ब्रेनरचा टोल त्याव्यतिरिक्त. इटलीत गावांच्या जुन्या भागात झेडटीएल नावाचे बंदीचे भाग असतात, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड कित्येक महिन्यांनी घरी येतो, गाडी गावाबाहेर लावून चालत जा. बरोबर लहान मूल असेल तर जर्मनीत १२ वर्षांखालच्या आणि दीड मीटरपेक्षा बुटक्या मुलाला चाइल्ड सीट सक्तीची आहे, गाडीबरोबरच बुक करा.

प्रश्न: मित्रांना युरेल पास (बऱ्याच देशांत चालणारा रेल्वे पास) मिळतोय, मला त्याच वेबसाइटवर मिळत नाही, का? (एक वाचक, लिओं)

उत्तर: युरेल युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी, युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल. पासपोर्ट कुठला याचा संबंध नाही, राहता कुठे ते बघतात. इंटररेलवर स्वतःच्या देशात एक जायचा आणि एक यायचा असे दोनच प्रवास धरतात, मित्रांना तशी अट नाही, म्हणून फ्रान्समध्येच जास्त फिरणार असाल तर तुमच्यासाठी साधी तिकिटं बरी. टीजीव्ही, फ्रेचारोसा, युरोस्टार या वेगवान गाड्यांना पास असला तरी सीटचे पैसे वेगळे, आणि टीजीव्हीत पासवाल्यांसाठी जागा मोजक्या असतात.

प्रश्न: डब्लिनला राहतो. मित्रांना शेंगेन मिळालाय, पॅरिसहून ते आमच्याकडे चार दिवस येतील आणि मग आम्ही सगळे रोमला जाऊ. काही विसरलोय का? (एक वाचक)

उत्तर: हो, दोन गोष्टी, आणि दोन्ही मोठ्या. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे मित्रांना आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागेल, आणि मध्ये बाहेर पडून पुन्हा रोमला जायचं तर त्यांचा शेंगेनही एकापेक्षा जास्त एन्ट्रीचा हवा, स्टिकरवर बघून घ्या. दुसरं म्हणजे तुम्ही स्वतः. तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर आयर्लंडच्या रेसिडन्स कार्डावर रोमला जाता येत नाही, तुम्हालाही शेंगेन व्हिसा काढावा लागेल. रोमची तिकिटं काढायच्या आधी डब्लिनमधल्या इटलीच्या व्हिसा अपॉइंटमेंटची तारीख बघा, आणि ती उशिराची मिळत असेल तर मित्रांना पॅरिसहून थेट रोमला पाठवून डब्लिन शेवटी ठेवता येतं का ते आजच त्यांच्याशी बोलून घ्या, म्हणजे त्यांचा आयर्लंडचा व्हिसा करायलाही वेळ मिळेल.